दोन झटक्यांमधले दिवस

पावसाळा ओसरतो आणि पहाटे गारवा जाणवू लागतो, त्या काळात महाराष्ट्रातील दवाखान्यांत खोकला, धाप आणि छातीतील घरघर यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते आणि या वाढीची बहुतेक कारणे घराच्या चार भिंतींच्या आतच सापडतात. चार महिने ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी आलेली असते, कापसाच्या गाद्या आणि गोधड्या दमट झालेल्या असतात, सर्दीपडशाचे विषाणू शाळांमधून घरोघरी पोहोचलेले असतात आणि नेमक्या याच वेळी दिवाळीची साफसफाई निघते. माळ्यावरची वर्षभराची धूळ खाली येते, जळमटे काढली जातात, भिंतींना रंग लागतो, त्यानंतर उदबत्त्यांचा आणि फटाक्यांचा धूर येतो. निरोगी माणसाला यांतील बहुतेक गोष्टी दोन-चार शिंकांपलीकडे त्रास देत नाहीत. ज्याच्या श्वासनलिका आधीपासून सुजलेल्या आहेत, त्याला मात्र याच गोष्टी मध्यरात्री उठून खिडकीशी बसायला लावतात.

दम्याविषयी जनजागृती म्हटले की धूळ टाळा, धूर टाळा, थंड खाऊ नका अशा सूचनांची यादी समोर येते. या सूचना चुकीच्या नाहीत, परंतु त्या सगळ्या झटक्याभोवती फिरतात आणि त्यामुळे दमा म्हणजे झटका, झटका गेला म्हणजे दमा गेला, हा समाजातील सर्वांत घातक समज त्या नकळत पक्का करतात. हा रोग झटक्यात दिसतो, पण राहतो तो दोन झटक्यांमधल्या शांत दिवसांत. त्या दिवसांत काय करायचे हे रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि पुष्कळदा त्याच्या डॉक्टरांनाही कोणी नीट सांगितलेले नसते.

फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत विभागत बारीक होत जातात आणि त्यांच्या भिंतींत आतून एक नाजूक अस्तर, तर बाहेरून स्नायूंचा वेढा असतो. दम्यामध्ये हे अस्तर दीर्घकाळ सुजलेले राहते, या सुजेला वैद्यकात दाह म्हणतात आणि दाह असलेली नळी अतिशय चिडखोर बनते. धूळ, परागकण, थंड हवा, धूर, विषाणू, व्यायाम किंवा मोठ्याने हसणे यांपैकी एखाद्या लहानशा निमित्ताने बाहेरचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी सुजते, चिकट कफ साठतो आणि नळीचा पोकळ भाग इतका अरुंद होतो की श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येऊ लागतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्यात अधिक असते, म्हणून रुग्णाची छाती फुगलेली दिसते आणि त्याला पडून राहता येत नाही, बसावे लागते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांनी हे बारकाईने टिपले होते. चरकसंहितेत श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले असून, त्यांतील तमकश्वासाच्या वर्णनात बसल्याने बरे वाटणे, आडवे झाल्याने त्रास वाढणे आणि ढगाळ व थंड हवेत व्याधी बळावणे ही आज कोणत्याही दम्याच्या रुग्णाच्या तोंडून ऐकू येणारी लक्षणे आहेत.

सर्वच दमा ॲलर्जीतून उद्भवत नाही, परंतु मुलांमधील दम्याचा मोठा भाग तिच्याशी जोडलेला असतो. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ग्रीक मुळांवरून घडवला आणि त्याचा आशय ‘बदललेली प्रतिक्रिया’ असा होता. वस्तू तीच, पण एखाद्याचे शरीर तिला वेगळ्या रीतीने उत्तर देते. या उत्तरामागचा रासायनिक दुवा हाती यायला पुढे साठ वर्षे लागली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य, तसेच स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिख यांनी रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, हे प्रतिपिंड शोधून काढले. प्रतिपिंड म्हणजे बाहेरच्या पदार्थाला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचे शरीर परागकणासारख्या निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध हे प्रतिपिंड तयार करते, ते मास्ट पेशींवर जाऊन बसते आणि तो पदार्थ पुन्हा आला की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होऊन हिस्टामिन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात. नाकात हे घडले तर शिंका आणि पाणी, त्वचेवर घडले तर पित्ताच्या गांधी, श्वासनलिकेत घडले तर दमा. सकाळी उठल्याबरोबर सलग दहा-पंधरा शिंका येणाऱ्या मुलाला ‘सर्दीची सवय आहे’ असे म्हणून सोडून देण्यापूर्वी, नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोके आहेत हे आठवायला हवे, कारण दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नाकाचीही ॲलर्जी असते.

घरातील ॲलर्जीचा सर्वांत मोठा स्रोत डोळ्यांना दिसत नाही. धूळकीटक, ज्याला माइट म्हणतात, तो साधारण पाव मिलिमीटर लांबीचा आठ पायांचा जीव असून माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, म्हणून त्याची मुख्य वस्ती जिथे माणूस रोज सात-आठ तास अंग टेकतो त्या गादीत, उशीत आणि गोधडीत असते. नेदरलँड्समधील लायडन येथील फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात घरच्या धुळीच्या ॲलर्जीचा उगम या जिवाशी जोडून दाखवला. त्रास देतात ती त्याच्या विष्ठेतील प्रथिने, आणि गादी झटकली की ती हवेत उडतात. या जिवाला पाणी पिता येत नाही, तो हवेतील दमटपणा शोषून घेतो आणि कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणूनच कोकणात, मुंबईत आणि गोव्यात त्याचे चांगले फावते. घरातल्या वडीलधाऱ्या बायका पावसाळा संपताच गाद्यांना कडक ऊन दाखवण्याचा आग्रह धरत, तो या दृष्टीने अगदी रास्त होता. त्याला दोन गोष्टींची जोड हवी. अभ्रे, चादरी आणि पांघरुणे आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या आसपास गरम असलेल्या पाण्यात धुतली पाहिजेत, आणि गाद्या झटकण्याचे, माळा काढण्याचे काम दम्याच्या रुग्णाने करू नये, किंबहुना ते चालू असताना त्याने त्या खोलीतही थांबू नये. प्रत्यक्षात दिवाळीपूर्वी माळ्यावर चढते ती बहुतेक घरांत घरातली बाईच, तिला दमा असो वा नसो, आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेण्याइतकी साधी सवलतही ती स्वतःला देत नाही.

घराबाहेरच्या ॲलर्जीच्या इतिहासात पुण्याचे नाव एका नकोशा कारणाने नोंदले गेले आहे. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, या मूळच्या अमेरिका खंडातील तणाची भारतातील ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातून झाली आणि परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गाजराच्या पानांसारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले हे तण रेल्वेच्या कडेने, मोकळ्या भूखंडांवर आणि पडीक रानांत पसरत गेले, आणि पुढच्या दशकात पुणे परिसरातील त्वचारोगतज्ज्ञांना उघड्या अंगावर, विशेषतः चेहरा, मान व हात यांवर, चिवट इसब घेऊन येणारे शेतकरी आणि मजूर दिसू लागले. त्याचे परागकण नाकाची ॲलर्जी आणि दमा या दोन्हींना निमित्त ठरतात. त्याचा पाला खाणारा भुंगेरा मेक्सिकोतून आणून १९८० च्या दशकात भारतात सोडण्यात आला आणि पावसाळ्यात तो काही भागांत गवताचा फडशा पाडतोही, पण एका झाडापासून हजारो बिया पडत असल्याने फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट उपटणे, तेही हातमोजे घालून आणि नाकातोंडाला फडके बांधून, हाच खात्रीचा उपाय राहिला आहे. ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेत मुलांच्या उघड्या हातांनी हे गवत उपटून घेतले जाते, तेव्हा चांगल्या हेतूने केलेल्या त्या कामातून नव्या ॲलर्जीची पेरणी होत असते.

रोगाचे मोजमाप पाहिले की शांत दिवसांच्या उपेक्षेची किंमत कळते. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते, म्हणजे जगातील एकूण रुग्णांच्या जवळपास १३ टक्के. परंतु दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात, असेही त्याच अंदाजात दिसते. रुग्णांचा वाटा आणि मृत्यूंचा वाटा यांतील ही दरी हवेच्या किंवा अनुवंशाच्या माथी मारता येत नाही, ती उपचारांची दरी आहे. देशातील नऊ केंद्रांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या पाहणीत, छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के आणि तीव्र दम्याची लक्षणे असणाऱ्यांपैकी ७० टक्के लोकांना आपल्याला दमा आहे असे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते, आणि ज्यांना सांगितले होते त्यांच्यातही रोजचे प्रतिबंधक औषध श्वासावाटे घेणारे दहा टक्क्यांहून कमी होते.

न सांगण्याची ही परंपरा भाषेतूनच चालत आली आहे. मराठी घरांत ‘दमा’ हा शब्द म्हाताऱ्या, खोकणाऱ्या, उंबऱ्याशी बसलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला आहे आणि सात वर्षांच्या मुलीला तो लावणे आईवडिलांना असह्य वाटते. म्हणून तिला ‘छातीत कफ होतो’, तिची ‘छाती भरते’, तिला ‘ॲलर्जिक खोकला’ असतो, फार तर ‘बालदमा’ असतो आणि तो मोठेपणी आपोआप जातो असे गृहीत धरलेले असते. काही मुलांचा त्रास वयाबरोबर खरोखर कमी होतो, मात्र कोणाचा होईल हे आधी सांगता येत नाही आणि वाट पाहण्याच्या काळात त्या मुलीच्या शाळेच्या दिवसांची, झोपेची आणि खेळाची जी हानी होते ती भरून निघत नाही. मुलगी मोठी झाली की लपवण्याला लग्नाचे कारण मिळते. स्थळ येण्याच्या दिवशी पंप, म्हणजे इनहेलर, कपाटात जातो, सासरी गेल्यावर तो न्हाणीघरात दार लावून घेतला जातो आणि पुढे तर घेतलाच जात नाही. डॉक्टरही कुटुंबाची नाराजी नको म्हणून मोघम शब्द वापरतात, प्रत्येक वेळी खोकल्याचे पातळ औषध आणि प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, लिहून देतात, आणि रोगाला नावच न मिळाल्याने त्याचा दीर्घ उपचार सुरूच होत नाही. रोगाचे नाव रुग्णापासून लपवणे ही दयाबुद्धी वाटते, पण दम्याच्या बाबतीत तिचे परिणाम क्रूर होतात.

या पंपाविषयीची भीती मुळात एका उलट्या क्रमातून आली आहे. आधी गोळ्या, मग पातळ औषध, मग सुई, मग वाफ आणि काहीच लागू पडले नाही तर पंप, असा क्रम लोकांच्या मनात बसला असल्याने पंप हातात आला की रोग शेवटच्या टप्प्यावर गेला असे वाटते आणि ‘एकदा लागला की सुटत नाही’ हे वाक्य शेजारून ऐकू येते. औषधाच्या मात्रेचा साधा हिशेब हा क्रम उलथवून टाकतो. सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या एका गोळीत चार मिलिग्रॅम, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम, औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर मायक्रोग्रॅम. एक गोळी म्हणजे चाळीस फवारे झाले. शिवाय गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात फिरते, त्यामुळे हात थरथरतात आणि छाती धडधडते. फवारा जिथे हवा तिथेच उतरतो आणि काही मिनिटांत काम सुरू करतो. स्टिरॉइडचेही तसेच आहे. दाह कमी करणारे बुडेसोनाइड श्वासावाटे दिवसाला काहीशे मायक्रोग्रॅम पुरते, आणि ते न घेतल्याने झटका आला तर तोंडावाटे प्रेडनिसोलोन चाळीस मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे चाळीस हजार मायक्रोग्रॅम, रोज काही दिवस द्यावे लागते. स्टिरॉइडच्या धास्तीने पंप नाकारणारे कुटुंब वर्षातून तीन-चार वेळा त्याहून कितीतरी पटींनी अधिक स्टिरॉइड गोळ्यांतून आणि सुयांतून स्वीकारत असते.

या उपकरणाच्या जन्माची हकीकतही याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९५५ साली अमेरिकेतील रायकर या औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, जिला दमा होता, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे आपले औषध का मिळू नये असे वडिलांना विचारले, कारण तोवर वापरात असलेला काचेचा रबरी फुग्याचा फवारा फुटे आणि मात्रा कधी सारखी येत नसे. पुढच्याच वर्षी मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. शेवटचा उपाय म्हणून ज्याला घाबरले जाते तो पंप एका शाळकरी मुलीची सोय म्हणून जन्मला होता.

पंप दोन प्रकारचे असतात आणि हा भेद ठाऊक नसणे जिवावर बेतते. एक तात्काळ आराम देतो. तो आवळलेले स्नायू सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही. दुसरा प्रतिबंधक, म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड, जो सूज हळूहळू उतरवतो, पण घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. माणसाचा विश्वास जाणवणाऱ्या औषधावर बसणे स्वाभाविक आहे, त्यामुळे पहिला पंप पुन्हा पुन्हा विकत घेतला जातो आणि दुसरा अर्ध्यावर पडून राहतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची राष्ट्रीय चिकित्सा २०१४ साली प्रसिद्ध झाली तेव्हा, आराम देणाऱ्या पंपाचा अतिवापर आणि प्रतिबंधक औषधाची हेळसांड हे दोन्ही दोष अनेक मृतांच्या नोंदींत आढळले, आणि जवळपास निम्मे रुग्ण वैद्यकीय मदत मागण्यापूर्वी किंवा मिळण्यापूर्वीच गेले होते. दम्याच्या उपचारांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन करणाऱ्या ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या संस्थेने २०१९ साली आपली जुनी भूमिका बदलून, प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसता आराम देणारा पंप देऊ नये, त्याबरोबर श्वासावाटे स्टिरॉइड असलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. गावोगावच्या औषधदुकानांत चिठ्ठीशिवाय मिळणारा, आराम देणारा निळा पंप मात्र अजून एकटाच विकला जातो.

योग्य पंप मिळाला तरी तो योग्य रीतीने घेतला जाईलच असे नाही. आधी पंप हलवायचा, मग पूर्ण श्वास सोडायचा, तोंडातील नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घ्यायला सुरुवात होताच पंप दाबायचा, सावकाश आणि खोल श्वास घ्यायचा, मनात दहा मोजेपर्यंत तो रोखून धरायचा, आणि दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून हेच पुन्हा करायचे. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर घशात पांढरी बुरशी येते. यांतील दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बहुतेकांचा चुकतो आणि औषध जिभेवर व घशात बसते. त्यावर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायचा पोकळ प्लास्टिकचा डबा, हा स्वस्त आणि उत्तम उपाय आहे, कारण औषध त्यात क्षणभर तरंगते आणि रुग्ण आपल्या गतीने ते ओढून घेऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून, पंप त्यात घट्ट बसवला आणि कडेची फट बुजवली, तर मुलांच्या झटक्यात ही बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम देते. असा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता वाळू द्यावा, कारण फडक्याने पुसल्यास प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषधाचे कण भिंतीलाच चिकटतात.

श्वासाने हैराण झालेला माणूस आशेच्या मागे जातो, यात त्याचा दोष नाही. कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे, आणि मृग नक्षत्राच्या सुरुवातीला हैदराबादमध्ये जिवंत माशाच्या तोंडातून औषध गिळायला देशभरातून रांगा लागतात, त्यांत मराठी माणसेही असतात. या उपायांनी दमा बरा होतो याचा शास्त्रीय पुरावा नाही. दमा स्वभावतःच चढउताराचा रोग असल्याने कोणत्याही उपायानंतर काही आठवडे बरे जाण्याची शक्यता असतेच आणि श्रेय त्या उपायाला मिळते. श्रद्धेला दुखावल्याने कोणाचा दमा सुटत नाही, परंतु औषध घेतल्यावर पंप बंद करण्याचे पथ्य जिथे सांगितले जाते, तिथे मात्र गप्प राहणे योग्य नाही, कारण ते पथ्य प्राण घेऊ शकते.

धुराबाबत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेले काम प्रत्येक दिवाळीत पुन्हा वाचावे असे आहे. २०१६ साली या संस्थेने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर मुलांच्या आवडीच्या सहा फटाक्यांमधून निघणारे सूक्ष्म कण मोजले. आवाज न करणारी, अंगणात किंवा गॅलरीत लहान मुलांच्या हाती बिनधास्त दिली जाणारी नागगोळी त्यांत सर्वांत वाईट ठरली आणि काही सेकंदांच्या तिच्या धुरात सूक्ष्म कणांची पातळी घनमीटरला ६४ हजार ५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेली. मूल तिच्यावर ओणवे होऊन नाग वर येताना पाहते, म्हणजे त्याचे नाक त्या धुरात हातभर अंतरावर असते. आवाजाचे फटाके वाईट आणि शोभेचे चांगले, ही वाटणी कानांपुरती खरी आहे, फुप्फुसांपुरती नाही. बंद खोलीतील डास मारण्याच्या अगरबत्तीचीही हीच गोष्ट आहे. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचे २००३ सालच्या एका अभ्यासात आढळले. चूल, उसाच्या फडात पेटवलेले पाचट आणि शहरातला जळता कचरा यांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. खोलीच्या कोपऱ्यातल्या या हिरव्या वेटोळ्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही, आणि ते रात्रभर, दारे-खिडक्या बंद करून, मुलाच्या उशाशी जळत असते.

जनजागृतीने आकडे बदलतात का, या प्रश्नाला फिनलंडने उत्तर दिले आहे. त्या देशाने १९९४ साली दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याचा पाया एकाच विचारावर होता: दाहावर लवकर उपचार करायचे आणि रुग्णाला स्वतःचा रोग सांभाळायला शिकवायचे. तज्ज्ञांची संख्या वाढवण्यापेक्षा आरोग्यकेंद्रांत दम्याची जबाबदारी घेणारा एक डॉक्टर आणि एक परिचारिका नेमणे, औषधदुकानांत पंप कसा घ्यावा हे शिकवणारा एक औषधविक्रेता तयार करणे, यांवर भर दिला गेला. दम्याच्या रुग्णांनी रुग्णालयात काढलेले दिवस १९९३ साली सुमारे १ लाख १० हजार होते, ते २००३ साली ५१ हजारांवर आले, आणि ज्ञात रुग्णांची संख्या वाढत असतानाही हे घडले.

भारतात यासाठी लागणारी सामग्री कागदावर तरी हजर आहे. बुडेसोनाइड आणि सालब्युटामॉल यांचा समावेश आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कक्षेत आता दमाही आला आहे. परंतु प्राथमिक आरोग्यकेंद्रात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते तसे फुंकर मोजण्याचे पीक फ्लो मीटर हे साधे नळकांडे, ज्यात जोराने फुंकले की काटा सरकून श्वासनलिकेची अवस्था सांगतो, ते सर्वत्र असते असे म्हणता येत नाही. सकाळ-संध्याकाळच्या फुंकरीतला फरक वाढू लागला तर झटका येण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. औषधविक्रेत्याने पंप देताना दोन मिनिटे घालवून तो वापरून दाखवणे, आशाताईंच्या प्रश्नावलीत रात्रीच्या खोकल्याचा एक प्रश्न वाढवणे, यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही.

शाळांची तयारी हा सर्वांत निकडीचा भाग आहे. झटका आलेल्या मुलाला आडवे झोपवू नये, किंचित पुढे वाकून बसवावे, कपडे सैल करावेत, स्पेसरमधून आराम देणाऱ्या पंपाचा एकेक फवारा असे चार फवारे द्यावेत, प्रत्येक फवाऱ्यानंतर मुलाला चार वेळा श्वास घेऊ द्यावा, चार मिनिटे थांबावे आणि फरक न पडल्यास पुन्हा तेच करत रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. मूल एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थांबण्याचा प्रश्नच नाही, त्याच क्षणी फोन करायचा. आणि घरघर अचानक थांबली, पण मूल मलूल पडले, तर ते बरे झाल्याचे लक्षण समजू नये, कारण आवाज येण्याइतकीही हवा आता आत-बाहेर होत नाही असा त्याचा अर्थ असतो. पंप शिक्षकांच्या कपाटात कुलपात न ठेवता मुलाच्या दप्तरात असावा, एवढा एक नियम पाळला गेला तरी पुष्कळ साधेल.

प्रतिबंधक औषधाचे पालन होते की नाही हे घरच्या घरी पडताळता येते, कारण अनेक पंपांच्या पाठीवर उरलेल्या मात्रांचा आकडा दाखवणारी लहानशी खिडकी असते. एकशेवीस मात्रांचा पंप गणेश चतुर्थीला सुरू केला आणि सकाळी एक, संध्याकाळी एक अशी मात्रा ठरलेली असली, तर अधिक महिना मध्ये न आल्यास लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत सुमारे पंचावन्न दिवस भरतात आणि खिडकीतला आकडा दहाच्या आसपास यायला हवा. नवा पंप पाडव्याच्या आत घरात आणावा लागतो. बहुतेक घरांतल्या खिडक्यांत त्या संध्याकाळी ऐंशी, नव्वद, शंभर असे आकडे दिसतात. गौरी-गणपतीनंतर बरे वाटले म्हणून तो पंप बाजूला ठेवलेला असतो.